घाटावर दिलेला शब्द

॥ श्री ॥
खडकी, पुणे
९ फेब्रुवारी २०२४

चि. तनुजा हिस काकूचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन लागला की पाच माणसं भोवती बसतात आणि कुणीतरी आवाज मोठा करून ठेवतं. मग मला काही सुचत नाही. सौरभच्या ऑफिसातून एका बाजूला छापलेले कागद येतात, त्यांची मागची बाजू मी वाया घालवत नाही. त्यावरच लिहिते आहे, राग मानू नकोस.

तुझ्या बाबांच्या दहाव्याला तू घाटावर बायकांच्या घोळक्यात मागे होतीस. तुला नीट ऐकू आलं की नाही कळलं नाही, म्हणून सांगते. पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, खाली एक येईना. भटजी म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोला. तुझ्या काकांनी सांगितलं, संतोष, जमिनीचा तुकडा विकू देणार नाही. नाही आला. तुझी आजी म्हणाली, माजी काळजी करू नगंस रं. तरी नाही. ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली. तुझे श्याममामा माझ्या शेजारीच होते, पुढे व्हावं की नको असं त्यांचं चाललं होतं. मग माझ्याच तोंडून निघालं, "संतोषभाऊजी, तनुजाला मी पुण्याला माझ्या घरी नेते. शिकून पायावर उभी राहीपर्यंत ती माझी."

आणि कावळा उतरला बघ. पिंडाला चोच लावलीच. दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. तुझी आई गळ्यात पडून रडली. चारचौघांत तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ. परमेश्वरानेच वदवून घेतलं म्हणायचं.

आता बारावीचे पेपर नीट दे. जाताना दही-साखर खा. उपाशी जाऊ नकोस.

तुझी काकू,
शर्मिला

*

भोर
२६ मे २०२४

काकूंना नमस्कार.

अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. आईने देवापुढे साखर ठेवली. पेढे या वर्षी आणायचे नाहीत म्हणून साखर.

मला नर्सिंगला जायचं आहे. फॉर्म भरलाय, पुण्यातलीच कॉलेजं टाकली आहेत. मी कधी येऊ ते कळवा. तारीख विचारते याचं वाईट वाटून घेऊ नका, पण इथे मला रोज कुणी ना कुणी विचारतं, "काय गं, अजून हितंच?"

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. गावच्या ट्रस्टची पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात दर वर्षी एक जागा असते, राहणं-जेवण सगळं. वडील नसलेल्या मुलीला आधी देतात. बाबा गेल्यावर ट्रस्ट बघणाऱ्या सर्जेरावकाकांनी माझं नाव लिहिलं होतं. दहाव्यानंतर त्यांनीच ते काढून दुसऱ्या मुलीचं घातलं. म्हणाले, "तनुजाची सोय झाली, सगळ्या गावानं ऐकलंय." श्याममामा साताऱ्याहून माझा खर्च करणार होते. तेही आईला म्हणाले, "वहिनींच्या शब्दाला कावळा शिवलाय. आता मी मध्ये पडलो तर भावोजींचा जीव परत अडकायचा."

म्हणून तारीख.

फोनवर तुम्ही "बघू" म्हणालात. पत्रात काय ते लिहा, म्हणजे आईला दाखवता येईल.

तनुजा

*

॥ श्री ॥
खडकी
१४ जून २०२४

चि. तनुजा हिस आशीर्वाद.

तुझे मार्क वाचून आनंद झाला. मी देवापुढे तुझ्या नावाने निरांजन लावलं.

तारखेचं म्हणशील तर आमची क्वार्टर तुला माहीत आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सूनबाई, तेजस्विनी, दिवसभर कानाला ते लावून ऑफिसचं काम करते. भांडं आपटलं तरी हात वर करते. काकांची फॅक्टरीतली नोकरी पुढच्या वर्षी संपते, मग ही जागा सोडावी लागेल. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशनही तोंडावर आहे. त्यातून पुढच्या महिन्यात आषाढ. आषाढात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. श्रावण लागू दे.

घाटावर बोलले ते माझ्या मनात आहे. विसरले असं समजू नकोस. पण घरात माझ्या एकटीच्या म्हणण्याने काही चालत नाही, ते तू बाईमाणूस म्हणून समजून घेशील.

आईला आणि आजीला नमस्कार.

काकू

*

भोर
५ ऑगस्ट २०२४

काकूंना नमस्कार.

आज श्रावण लागला.

यादीत माझं नाव आलं. पुण्यात सीट मिळाली आहे. १९ ऑगस्टच्या आत हजर व्हायचं आहे. सोबत फॉर्म पाठवते. त्यात पुण्यात राहणाऱ्या पालकाची सही आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पुण्यात आमचं तुमच्याशिवाय कुणी नाही.

राहायचं नंतर बघू. नुसती सही केलीत तरी सीट हातात राहील. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे.

तनुजा

*

॥ श्री ॥
खडकी
३० ऑगस्ट २०२४

चि. तनुजा हिस आशीर्वाद.

सही केलेला फॉर्म सोबत आहे. काकांच्या डोळ्याच्या गडबडीत तो मासिकांच्या गठ्ठ्यात गेला. काल रद्दी काढताना सापडला. तारीख उलटली असली तरी कॉलेजात हात जोडून विनंती करून बघ, माणसं इतकी वाईट नसतात.

तुझं पाकीटच वापरलं.

काकू

*

॥ श्री ॥
खडकी
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

चि. तनुजा,

दीड महिना तुझं पत्र नाही. फोन लावला तर आजीने घेतला. "ती हाय तिकडं" एवढंच म्हणाल्या. तिकडं म्हणजे कुठं, विचारलं तर फोन ठेवला.

सीटचं काय झालं? चार ओळी लिही.

काकू

*

येरवडा, पुणे
३ नोव्हेंबर २०२४

काकूंना नमस्कार.

तुमचं पत्र आईने इकडे पाठवलं. वरचा पत्ता बरोबर आहे. तुमच्यापासून बसने अर्ध्या तासावर आहे.

सीट गेली. मी सप्टेंबरपासून पुण्यातच आहे. कल्याणीनगरला एका आजींना सांभाळते. त्यांचं अंथरुणातच सगळं असतं. राहायला कॉट बेसिसवर आहे, एका खोलीत चार जणी. घरमालकीण नूरबानू चाची. पहिल्या दिवशी म्हणाली, "पंखा चालू ठेव, लाइट बंद ठेव, आणि रडायचं असेल तर बाथरूमचा नळ सोडू नको, पाणी एकच तास येतं." मी रडले नाही. तिला जरा चुकल्यासारखंच झालं असेल.

आता एक सांगते. फॉर्म पाठवून बारा दिवस झाले तरी तो आला नाही, म्हणून १७ ऑगस्टला मी तुमच्याकडे आले होते. दार तेजस्विनीवहिनींनी उघडलं. मला पाणी दिलं. म्हणाल्या, "मम्मी पोथी वाचतायत, फॉर्मचं मला माहीत नाही, थांब." मी बाहेर खुर्चीवर बसले. आतून तुमचा आवाज येत होता. वहिनींनी आत जाऊन सांगितलं, "तनुजा आलीये." तुम्ही थांबला नाहीत. तुमचा आवाज वाढला. मी पाऊण तास बसले. तुम्ही एक अध्याय संपवून दुसरा सुरू केलात. मला शेवटची एस. टी. गाठायची होती.

मासिकांच्या गठ्ठ्याबद्दल लिहायची गरज नव्हती.

हे भांडायला लिहीत नाही. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरणार आहे. वसतिगृहाची जागा मिळाली तर मला दिवसभर काम करावं लागणार नाही, शिकता येईल. नाही मिळाली तर नर्सिंग सोडून द्यायचं, एवढं मी ठरवलंय. सर्जेरावकाकांना भेटले. ते म्हणतात, "पोरी, नाव घालायला माझी ना नाही. पण शर्मिलाबाईंनी तुला सगळ्यांदेखत घेतलंय. मी परस्पर तुझं नाव घातलं तर लोक म्हणतील, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द ह्यानं मोडला. ज्यांनी दिला त्यांनी सगळ्यांदेखत सांगावं, की आम्ही केलं नाही आणि करत नाही. मग मी मोकळा."

बाबांचं वर्षश्राद्ध ७ जानेवारीला आहे. प्रवचन ठेवलंय, माणसं तीच येतील. ट्रस्टची यादी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी होते.

मला घरी न्या असं मी म्हणत नाही. नेत नाही, एवढं बोला.

तनुजा

*

॥ श्री ॥
खडकी
२० नोव्हेंबर २०२४

चि. तनुजा,

पत्र तीनदा वाचलं. रडू येईल म्हणून बसून राहिले, नाही आलं. मग उठून तांदूळ निवडले.

मी तुझा आवाज ओळखला होता. तेजस्विनीने सांगायच्या आधीच. पोथी वाचताना मध्ये उठायचं नसतं असं आमच्या आजेसासूबाईंनी शिकवलंय, पण अध्याय संपल्यावर उठता येतं. मी दुसरा लावला. काय वाचलं ते आठवत नाही. फॉर्म पोथीच्याच पाटाखाली होता.

घरचे ऐकत नाहीत म्हणून लिहिलं तेही खोटं. काका पहिल्या दिवशीच म्हणाले, आण तिला. तेजस्विनी म्हणाली, "मम्मी, माझ्या खोलीत झोपेल ती, मलाही कुणीतरी बोलायला होईल." सौरभ काही म्हणाला नाही, तो कशालाच काही म्हणत नाही. घरात नको म्हणणारी मी एकटी.

का, ते सांगता येतंय का बघते. लग्न होऊन आले तेव्हा या दोन खोल्यांत नऊ माणसं होती. दोन दीर इथे राहून शिकले, तीन नणंदांची बाळंतपणं इथे झाली, आजेसासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. कुणाला नको म्हटलं नाही. आता दुपारी एक ते चार घरात आवाज नसतो. तेजस्विनी तिच्या कामात. मी नुसती बसते. ते कुणी घेऊ नये असं मला वाटलं. एवढंच आहे, त्यापेक्षा मोठं काही नाही.

आणि घाटावर मी तुझ्याकडे बघून बोलले नाही. तू मागे होतीस. मी माणसांकडे बघून बोलले. सगळे ताटकळलेले, कुणीतरी काहीतरी बोललं की सुटू असं झालेलं. मी बोलले आणि सुटलो. घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणं घालायची जागा मोजली आणि तेव्हा मला भीती वाटली.

आता तू राहायला ये. खरंच म्हणते. दुपारचं मी बघून घेईन.

वर्षश्राद्धाला बोलायचं मात्र माझ्याच्याने होणार नाही. देवाच्या कार्यात सगळ्यांसमोर उभं राहून मी दिलेला शब्द पाळला नाही असं कसं सांगू? त्यापेक्षा मी सर्जेरावांना सविस्तर पत्र लिहून देते, सहीनिशी. त्यांनी ते दाखवावं ज्याला दाखवायचं त्याला.

काकू

*

येरवडा
१ डिसेंबर २०२४

काकूंना नमस्कार.

राहायला येणार नाही. तुम्ही दुपारचं बघून घ्याल, मला ते बघवणार नाही.

पत्र सर्जेरावकाकांना देऊ नका. ते त्यांच्या खिशात राहील. दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणेल की तनुजानेच काकूंकडून लिहून घेतलं. तुम्ही बोलला होतात ते दीडशे माणसांत.

चाचीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, शेवटचं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "गल्लीत ओरडून सांगितलं आणि परत घ्यायचं ते चिठ्ठीवर? वा!" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण बाई खरं लिहिते. आमच्यात एक आहे, ती हज करून आली तरी खोटंच बोलते."

मला त्या दिवशी सुट्टी मिळणार नाही. आजींना सोडून जाता येत नाही. तुम्ही बोललात की नाही ते मला कळेलच.

तनुजा

*

॥ श्री ॥
खडकी
९ जानेवारी २०२५

चि. तनुजा हिस आशीर्वाद.

परवाचं लिहिते. कुणाकुणाकडून काय ऐकलं असशील माहीत नाही.

काकांना सांगून मी एकटी गेले. ते म्हणाले, मी येतो, मी बोलतो. मी म्हटलं, तुम्ही बोलला नव्हता. स्वारगेटवरून सकाळची एस. टी. धरली. कात्रजचा घाट उतरेपर्यंत जप करत होते, पुढे मणी ओढायचं राहून गेलं, माळ हातात तशीच.

श्राद्ध झालं. प्रवचन झालं. बुवांनी दानावर सांगितलं. मग सर्जेरावांनी माइक घेऊन आलेल्यांचे आभार मानायला सुरुवात केली. मी उठले. दुसऱ्याच कुणाचे पाय असावेत तशी चालत गेले. माइक मागितला. त्यांना वाटलं मी देणगी जाहीर करते आहे, त्यांनी आधी तो फुंकून दिला.

मी म्हटलं, "मी शर्मिला, वैजनाथची बायको. मागच्या वर्षी दहाव्याला मी संतोषभाऊजींना सांगितलं की तनुजाला माझ्या घरी नेते. मी तिला नेलं नाही. ती दारात आली तर उठलेही नाही. तिची सीट माझ्यामुळे गेली. वसतिगृहाची जागाही माझ्या बोलण्यामुळे गेली. तिची कसलीही सोय माझ्याकडे नाही. ती सप्टेंबरपासून लोकांच्या घरी काम करते आहे. ट्रस्टने तिचं नाव घालावं."

मुलं तेवढी पळत होती. सर्जेरावांनी हळूच माइकला हात घातला आणि तोंड पुढे करून म्हणाले, "वहिनींचा मोठेपणा बघा. कुठल्याही घरात अडचणी असतात, पण आपला कमीपणा सांगायला काळीज लागतं..." चार-पाच जण माना डोलावायला लागले. बुवाही "वा, वा" म्हणाले. मला दिसत होतं, हे परत तसंच होणार. मी परत मोठी होऊन घरी जाणार. माझ्या आत कुठेतरी ते बरंही वाटत होतं, तेही लिहिते.

मी माइक सोडला नाही. म्हटलं, "सर्जेराव, अडचण नव्हती. घरचे तयार होते. मला ती नको होती, म्हणून नेलं नाही."

तेव्हा माना थांबल्या.

पहिली तुझी आजी बोलली, खाली बसूनच. "मंग तवा कशापायी बोललीस गं? आमी काय तुला म्हणलं व्हतं का, बोल म्हणून?" मी म्हटलं, नाही. एक बाई मागून म्हणाली, "मग त्या कावळ्याचं काय?" कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. भटजी म्हणाले, "ज्याचं कर्म त्याच्यापाशी." मी माइक ठेवला आणि बायकांत जाऊन बसले. शेजारच्या दोघी उठून दुसऱ्या ओळीत गेल्या. त्यातली एक मागच्या वर्षी माझ्या पाया पडली होती.

सर्जेराव नंतर मला म्हणाले, "एवढं कशाला बोलायचं होतं? पहिल्यातच काम झालं असतं." असेल. मला माहीत नाही.

तुझ्या आईने सगळ्यांबरोबर मला वाढलं. पानात मीठ वाढायचं राहिलं. मी मागितलं नाही. निघताना ती मागच्या दाराशी भांडी विसळत होती. मी म्हटलं, येते. तिने भांडं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. फाट्यापर्यंत चालत आले. कुणी गाडी काढतो म्हणालं नाही. बरंच झालं.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बोलले. तेजस्विनीने चहा केला. मला अजून काही वाटत नाही. तुझ्याकडे क्षमा मागावी असं मनात होतं, पण ती तू द्यायची की नाही हा परत तुलाच त्रास. म्हणून मागत नाही.

काकू

*

येरवडा
१८ जानेवारी २०२५

काकूंना नमस्कार.

काल यादी झाली. नाव आहे. सर्जेरावकाकांचा फोन आला होता. आवाज असा, जणू त्यांनीच उभं राहून सगळं केलं.

आईशी बोलले. ती म्हणाली, "मीठ मीच फडताळात ठेवून विसरले, तिला सांग." मग म्हणाली, "नको सांगू." मी दोन्ही लिहिते आहे.

श्याममामांचाही फोन आला. जूनमध्ये मला वसतिगृहात सोडायला ते स्वतः येणार, पुस्तकं घेऊन देणार. फार मोकळे बोलत होते. मी विचारलं, मामा, घाटावर तुम्ही काकूंच्या शेजारीच होतात, तुम्ही का नाही बोललात? म्हणाले, "बोलणारच होतो गं. पण वहिनी बोलल्या आणि मला सुटल्यासारखं झालं."

वर्षभर मी हिशेब एकट्या तुमच्या नावावर मांडला होता. त्या दिवशी सुटलेले एकशे पन्नास होते. कोणीही नंतर आईला विचारलं नाही, की नेली का गं पोरीला? विचारलं ते मला, "अजून हितंच?"

यामुळे तुमचं काही कमी होत नाही. मला तो पाऊण तास आठवतो आणि आठवत राहील. पण माझ्याबद्दल त्या माणसांत दोन्ही वेळा तुम्हीच बोललात, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून बोललात, मी तिथे नसताना.

मला रविवारी सुट्टी असते. मी येणार नाही. तुम्हीही इकडे येऊ नका, चाची चहा केल्याशिवाय सोडणार नाही आणि मग बसावं लागेल. पत्र लिहा. मी उत्तर देईन.

तनुजा